दुर्बीणवाल्याशेजारचा माणूस

रविवार, २ मार्च. वाल पाखडून झाले होते. राख चोळून डब्यांत भरायचे राहिले होते. हे काम एका दिवसात संपवावं लागतं, नाहीतर भुंगा वाट बघत बसत नाही. त्याआधीचे आठ दिवस मी खर्डीला मुलीकडे होते. तिच्या दोन्ही मुलांना एकापाठोपाठ कांजिण्या आल्या आणि जावई पहाटेच्या गाडीने जाऊन रात्रीच परत येतो, म्हणून रजा टाकून गेले. शनिवारी अंधार पडल्यावर घरी पोचले आणि सकाळी उठून वालाला बसले.

भावजय दरवर्षी या कामाला येते. तिने राख चाळायची, मी चोळायची, आणि शेवटी त्यांच्या घरचा वाटा तिने घेऊन जायचा, असं आमचं बरीच वर्षं चालू आहे. ती बोलकी बाई आहे. त्या दिवशी तासभर ती राखच चाळत होती.

"बरं नाय का?" मी विचारलं.

"बरी हाय." मग थोड्या वेळानं, "ताई, तुमी काल बागेकडनं नाय आल्या?"

"रिक्षानं थेट आले. का?"

"मग बघितलं नसंल."

"काय बघितलं नसेल?"

तिने चाळणी खाली ठेवली. "आबा नाय तिथं आता. दोघंपण नाय. बुधवारी काढलं."

मी हात झटकले. कपड्यांना राख लागली होती, तशीच बागेकडे निघाले.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं, बाजाराचं. बाग म्हणायची म्हणून बाग. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, बोगनवेलीचं कुंपण आणि मधोमध चौथऱ्यावर एका गोऱ्या साहेबाचा पुतळा. सिमेंटचा, वरून पितळेसारखा रंग दिलेला. टोपी, बूट, डोळ्याला लावलेली दुर्बीण. हा साहेब फार वर्षांपूर्वी घाटाच्या वाटा शोधत इथे आला होता आणि या डोंगरांचा पहिला नकाशा त्याने काढला, असं पाटीवर लिहिलं होतं. गावात सगळे त्याला दुर्बीणवाला म्हणायचे. रिक्षावाल्यांचा थांबासुद्धा "दुर्बीणवाला".

त्याच्या शेजारी एक माणूस उकिडवा बसलेला होता. पाटीवर त्याच्याबद्दल चारच शब्द होते: "व एक स्थानिक वाटाड्या". चेहरा मात्र माझ्या वडिलांचा होता.

तो बनला तेव्हा मी सहावीत होते आणि भाऊ पहिलीत. आबा गवंड्याच्या हाताखाली कामाला होते. माल कालवणं, सळया बांधणं, पाणी मारणं. मूर्तिकार कल्याणचा. साहेबाचं छापील चित्र त्याच्याकडे होतं, त्यावरून त्याने साहेब पंधरा दिवसांत उभा केला. वाटाड्याचं चित्र कुणाकडेच नव्हतं. तो नंतर, महिन्याभरानं, कुणाच्या तरी डोक्यात आला म्हणून सुरू झाला. मूर्तिकार विचार करत फिरत होता आणि आबा बाजूला उकिडवे बसून चहा पीत होते. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हलू नका. असेच बसा."

पुढचे सहा दिवस दुपारच्या सुट्टीत आबा तसेच बसले. मी शाळेतून त्यांना भाकरी घेऊन जायचे, त्यामुळे हे सगळं मी बघितलेलं आहे. मूर्तिकार म्हणाला, "आता डोंगराकडं बोट दाखवा, साहेबाला वाट सांगताय असं." आबांनी सिद्धगडाकडे हात केला, पण बोट नाही. तळवा वर, पाची बोटं जुळवून, अख्खा हात पुढे.

"बोट, बोट," मूर्तिकार म्हणाला.

"बोट नाय दाखवत तिकडं."

"का?"

"नाय दाखवत."

आबांचं मूळ गाव वैशाखऱ्याच्या पलीकडचं. तिकडची जुनी माणसं देवाच्या डोंगराला बोट दाखवत नाहीत. वेलीवरच्या कोवळ्या काकडीलाही दाखवत नाहीत. बोट दाखवलं की सडते म्हणतात. दाखवायचंच तर बोट मुडपून, नाहीतर पुरा हात पसरून. आमच्या आजोबांनी देव सोडून धम्म घेतला त्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. घरी आई आबांना चिडवायची, "देव गेले, देव्हारा गेला, हात तसाच राह्यला." आबा म्हणायचे, "देवासाठी नाय गो. हात उठतोच असा. त्याला काय सांगू, आता दीक्षा घेतली म्हणून?"

मूर्तिकाराने शेवटी हात आहे तसाच केला. एवढी या पुतळ्याची गोष्ट.

आबांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा, त्यात ते कुणाचेही वडील वाटतील असे आहेत. पुतळ्यात मात्र कपाळावरची खोक होती, वाकडा अंगठा होता आणि काही ऐकू आलं नाही की करायचे तशी किंचित कललेली मान होती. मी कधी हार घातला नाही. रडले वगैरे तर मुळीच नाही. आरोग्यसेविकेची नोकरी, दिवसातून दोनदा बागेवरून जाणं-येणं व्हायचं, तेव्हा बघायचे. वर्षातून एकदा बादली आणि कपडे धुवायचा ब्रश घेऊन जायचे आणि कावळ्यांनी केलेली घाण साफ करायचे. साहेबाची टोपीही धुवायचे, आता आलेच आहे तर.

दिवाळीनंतर बागेची नवी समिती झाली. माझा भाऊ तिच्यात होता. तो बांधकामाची लहान कामं घेतो, चार माणसं हाताखाली आहेत, गावात शब्दाला वजन आहे. समितीचं म्हणणं होतं, परक्या साहेबाचा पुतळा गावाच्या मधोमध कशाला हवा. तो काढायचा आणि तिथे गावाच्या नावाची मोठी अक्षरं लावायची, आतून दिवे असलेली. लोक समोर उभे राहून फोटो काढतील. मला साहेबाचं काहीच नव्हतं. त्याने नकाशा काढला, तो गेला. पण ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, आधी गावाच्या सह्या आणा. आणि सह्या आणायच्या तर मीच. या गावातलं असं घर नाही ज्यातल्या पोराला मी सुई टोचलेली नाही.

समितीचे अध्यक्ष आणि भाऊ दोघं माझ्या घरी चहाला आले.

"साहेब काढा," मी म्हटलं, "पण बसलेला माणूस राहील. नाहीतर मी एक सही आणणार नाही."

अध्यक्ष हसले. "बाई, तो आपला माणूस. त्याला कोण हात लावतोय? उलट त्याला चांगला उभा करू आपण."

"उकिडवा बसलेला माणूस उभा कसा करणार?"

"बोलायची पद्धत हो."

भाऊ कपात बघत होता. म्हणाला, "ताई, साहेब तेवढा उतरवू. आबा तिथंच."

मी त्याच्याकडून आणखी काही मागितलं नाही. भाऊ आहे. अट मात्र मी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली: फक्त साहेबाचा पुतळा उतरवावा, शेजारच्या वाटाड्याचा पुतळा आहे त्या जागी, आहे तसा ठेवावा. आणि इथे मी चूक केली. चूक माझी आहे, ती दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. लसीकरणाच्या याद्या करून करून हाताला सवय झालेली असते. वरच्या पानावर माहिती, आतल्या पानांवर नावं. मी तसंच केलं. अट पहिल्या पानावर, सह्या दुसऱ्या पानापासून. आतली पानं नुसती आखलेली, त्यांवर कशासाठीच्या सह्या ते कुठेही नाही.

पंधरा दिवस फिरले. ड्यूटी संपली की एक आळी. पुतळा काढायचाय म्हटल्यावर काही जण नाखूश होते, विशेषतः रिक्षावाले, त्यांच्या थांब्याचं नाव जाणार म्हणून. त्यांना मी सांगितलं, थांब्याचं नाव वाटाड्या ठेवा. जास्त शोभेल. त्यांनी सह्या केल्या. खालच्या आळीतल्या एका म्हातारीकडे गेले. तिच्या मुलांना, नातवंडांना, सगळ्यांना लस मीच दिलेली.

"थांब, वाचून दाखवते," मी म्हटलं.

"कशाला गो? तुझ्या हातची सुई घेतली तवा बाटली वाचली व्हती का मी?" आणि अंगठा पुढे केला.

सगळी पानं भावाच्या हातात दिली आणि मुलीचा फोन आला म्हणून खर्डीला गेले.

तर त्या रविवारी बागेत पोचले तेव्हा चौथऱ्यावर निळी ताडपत्री होती. माळी पाइप धरून उभा होता. आबांच्या वयाचा माणूस, त्यांच्याबरोबर काम केलेला. मला बघून त्याने पाणी बंद केलं.

"कुठं नेले?" मी विचारलं.

"साहेबाला ट्रॅक्टरमधी घालून नेला. कोणतरी फार्महाउसवाला मागत व्हता, त्याला शोभेला पायजे." त्याने ताडपत्रीचा कोपरा पायाने उचलला. खाली नवा भराव होता, वर कोबा केलेला. "आपला माणूस हितंच हाय. आत."

"फोडून?"

"फोडूनच. अख्खा कसा जाईल?"

मी भरावाकडे बघितलं. काही दिसण्यासारखं नव्हतं. "कुणी सांगितलं?"

"आता कुणी म्हंजे." तो पाइपाकडे बघत बोलला. "तुमचा भाऊ हजर व्हता. पयला घण त्यानंच घातला."

"साहेबावर?"

"नाय. साहेबाला दोर लावला, तो सरळ उतरला. ह्याच्यावर."

मी भावाच्या घरी गेले. तो अंगणात गाडी पुसत होता. मला येताना बघितलं तरी फडकं थांबलं नाही.

"तुला सांगणारच होतो," तो म्हणाला. "दोघांच्या सळया एकच निघाल्या, ताई. साहेब उचलला तर दुसरा हलायला लागला. पडला असता कुणा पोराच्या अंगावर."

"सळया वेगळ्या होत्या."

"तुला काय माहीत सळयांचं?"

"साहेब झाल्यावर महिन्यानं वाटाड्या सुरू झाला. त्याचा पाया वेगळा खणला. सळया आबांनी बांधल्या, मी समोर बसून भाकरीचं फडकं धरलं होतं. तू नव्हतास. तू पहिलीत होतास, घरी झोपला होतास."

हा माणूस रोज पाये खणतो, सळया बांधतो. खोटं बोलायचं तर मला न कळणाऱ्या विषयातलं बोलावं म्हणून त्याने तेच निवडलं, आणि त्यातलं तेवढंच मला पक्कं माहीत होतं.

"आणि पहिला घण तू घातलास," मी म्हटलं.

"माळ्यानं सांगितलं?"

"कुणी का सांगेना."

त्याने फडकं पिळलं, गाडीच्या हँडलवर टाकलं आणि खाली पायरीवर बसला. उकिडवा नाही, नीट बसला. म्हणाला, "शाळेत पोरं माझ्या मागनं यायची. हात असा पुढं करून. ‘साहेब, द्या ना काहीतरी. साहेब, द्या ना.’ पहिलीपासून सातवीपर्यंत. मास्तरसुद्धा एकदा हसला."

हे मला माहीत नव्हतं. "मला कधी बोलला नाहीस."

"तू त्यांना मारलं असतंस. मग आणखी चिडवलं असतं."

खरं होतं. मारलं असतं.

"आणि आता काय?" मी म्हटलं. "आता कोण चिडवतंय? तू स्वतः समितीत बसतोस."

"मागच्या महिन्यात कोण पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या बाईनं फोटो काढताना हातावर नाणं ठेवलं. आबांच्या हातावर, ताई. आणि हसली. मी तिथंच उभा होतो."

"तुला माहीत आहे तो हात कशाचा आहे."

"मला माहितेय. तुला माहितेय. अजून कुणाला माहितेय? साहेबाच्या पायाशी बसलेला माणूस, हात पसरलेला. साहेब गेल्यावर तर नुसताच हात पसरलेला. मग कुणाकडं मागतोय म्हणशील?"

"पाटी लावली असती."

"काय लिहिलं असतंस? हा भिकारी नाही?"

भावाला इतकी वर्षं जे सोसावं लागलं ते खरं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याला हे दिवाळीत सांगता आलं असतं. चहा पिताना सांगता आलं असतं. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि कदाचित शेवटी हो म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं. त्याने मला तेवढं विचारलं नाही. त्याने मला आळ्या-आळ्यांतून फिरवलं.

"सह्यांचं पहिलं पान कुठंय?" मी विचारलं.

तो उठून आत गेला. भावजय तोपर्यंत परत आली होती, केसांना राख तशीच, दारात उभी होती. तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर आला. त्यात आबांचं मतदान कार्ड असतं, ते मला माहीत होतं. त्याच्या मागे माझं पान होतं, दोन घड्या घातलेलं. स्टेपलरच्या पिनेच्या जागी वर बारीक फाटलेलं. मग त्यानेच सांगितलं: ग्रामसभेपुढे ठेवलेल्या कागदांना दुसरं पान लावलं होतं, "दोन्ही पुतळे उतरविण्यास संमती", टाईप केलेलं. खाली सह्या माझ्याच आणलेल्या.

"अध्यक्षांनी सांगितलं?"

"त्यांना अटच माहीत नाय. चहाला हो म्हणाले, विसरले. पान मीच बदललं."

मला वाटलं होतं, तो अध्यक्षांचं नाव घेईल. घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"हे मग ठेवलंस कशाला?"

"फाडायला हात झाला नाय."

"घण घालायला झाला."

त्याने पिशवी नीट बंद केली. मी पान घेतलं. भावजय म्हणाली, "ताई, चहा?" मी नको म्हटलं. ती पायात चपला घालायला लागली, वाल अर्धे राहिले होते म्हणून. तिला म्हटलं, राहू दे, मी करते.

उरलेलं काम एकटीने केलं. राख संपत आली होती, शेवटचा डबा जरा कमी राखेचा भरला गेला. भावाच्या घरचा वाटा मी सकाळीच वेगळ्या सुपात काढून ठेवला होता. दरवर्षी तोच आधी काढते. त्यालाही राख चोळली, डब्यात भरला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवला. पाठवायचं की नाही हे त्या दिवशी ठरवलं नाही. नवऱ्याला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तक्रार करायची तर कर, पण भाऊ अडकेल." मी म्हटलं, मला माहीत आहे.

मला राहून राहून एकच गोष्ट बोचत होती. पुतळा तर गेला. फोडलेला माणूस कोब्याखालून कोण काढणार, आणि काढून काय करणार. पण गावातल्या माणसांनी कागदावर सही केली नव्हती. कागद कुणी वाचलाच नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून अंगठा पुढे केला होता, जसा पोराचा दंड पुढे करतात. उद्या मी लसीची पेटी घेऊन त्याच दारात जाणार होते.

सोमवारी सकाळी लवकर भाकऱ्या उरकल्या. ड्यूटीला दोन तास होते. पान पिशवीत घातलं आणि खालच्या आळीत गेले. म्हातारी ओट्यावर दात घासत होती.

"आज कसली सुई?" ती म्हणाली.

"सुई नाही. त्या दिवशी तुमचा अंगठा घेतला ना, ते पान वाचून दाखवते."

"आता? पुतळा गेला नाय का?"

"गेला. म्हणूनच."

तिने चूळ भरली आणि पदराने तोंड पुसलं. मी उभ्या उभ्याच अट वाचली, सगळी, शेवटच्या शब्दापर्यंत. मग सांगितलं की ग्रामसभेत दुसरं पान लागलं, ते मी लिहिलेलं नव्हतं आणि त्यावर तुमचा अंगठा लागला.

"कुणी लावलं?"

"माझ्या भावानं."

"आणि हे मला कशाला सांगतीस?"

"तुम्ही बाटली वाचली नव्हती म्हणून."

म्हातारीने तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "शेजारची पण उठली आसंल. तिनं पण केलेली सही." मी पानाची घडी घातली आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.